खिडकीतून दिलेली पिशवी

माझा लॅपटॉप आजवर कुठल्याही स्टँडवर कुणाला दिसलेला नाही. तो बियाण्याच्या कंपनीच्या पिवळ्या नायलॉनच्या पिशवीत असतो. तळाला जुना टॉवेल, त्यावर लॅपटॉप, त्यावर घडी घातलेली सुती साडी आणि सगळ्यात वर एखादी मेथीची नाहीतर शेपूची जुडी. शेपू मला जास्त भरवशाचा वाटतो. शेपूच्या भाजीला आमच्या घरात कुणी हात लावत नसे, मग चोर कशाला लावील?

लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराने काळी चकचकीत बॅग फुकट दिली होती. ती माळ्यावर पडून आहे. तसली बॅग खांद्याला अडकवून गर्दीत उभं राहायचं म्हणजे चोराला घरी जाऊन आवतन देण्यासारखं आहे. माझी बहीण मला म्हणते, तू फार संशयी झालीस. झाले खरी. पण माझ्यासारख्या बाईच्या लॅपटॉपला पाय फुटले तर पोलीस चौकीत माझ्याबरोबर यायलासुद्धा कुणी नाही, हे तिच्या लक्षात येत नाही. तिच्या घरात सहा माणसं आहेत. तिने खुशाल विश्वास ठेवावा.

मी प्रबंध टाइप करून देते. कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला आमचं दुकान होतं, माझं आणि ह्यांचं. हे झेरॉक्स आणि बाइंडिंग बघायचे, मी टायपिंग. पोरंपोरी हाताने लिहिलेले कागद घेऊन यायची आणि सोनेरी अक्षरांचं जाड पुस्तक घेऊन जायची. आम्ही दोघांनी मिळून किती जणांना डॉक्टर केलं असेल, असं हे चहा पिताना म्हणायचे. तुरीचे, सोयाबीनचे, हळदीचे, म्हशींच्या दुधाचे, सगळ्या प्रकारचे डॉक्टर. मग एका सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली आणि दुकान उघडायचं राहिलं. मी महिनाभराने शटर वर केलं तेव्हा कळलं की दुकान एका माणसाचं नव्हतंच. मी टाइप करत बसले तर झेरॉक्सला कोण उठणार? शेवटी मशिनी विकल्या, जागा सोडली आणि हा लॅपटॉप घेतला. आता काम जिथे असेल तिथे मी जाते. कधी परभणीतच होस्टेलवर, कधी पूर्णेला एका प्राध्यापकांकडे, कधी सेलू, कधी जिंतूर.

माझा भाचा पुण्याला आहे. तो मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवत असतो. प्रवासात लॅपटॉप कसा सांभाळावा, असा एक पाठवला होता. त्यातला तरणाबांड माणूस हातवारे करून सांगत होता की सामानावरून नजर हटू देऊ नका. दुसऱ्याच्या भरवशावर सामान सोडून जाऊ नका. सगळं बरोबर. फक्त एकट्या बाईला लघवीला जायचं असेल तर काय करायचं, ते काही त्याने सांगितलं नाही.

मी सांगते. पिशवी आत न्यायची. आत कडी असली तर खुंटी नसते, खुंटी असली तर कडी नसते. म्हणून पिशवीचे बंद गळ्यात अडकवायचे, मेथी नाकाशी येते ती येऊ द्यायची, आणि एका हाताने दार धरून ठेवायचं. हे जमत नसेल तर पाणी प्यायचं नाही. मी बहुतेक वेळा दुसरा उपाय करते. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या, मूतखडा होईल. होईल तर होईल. मूतखडा माझा स्वतःचा असेल, लॅपटॉपमध्ये लोकांची चार-चार वर्षं असतात.

दोघं असली की एक जण सामानाशी बसतो. लग्नानंतर इतकी वर्षं ही गोष्ट मला गोष्टच वाटली नव्हती. मी चहा आणायला गेले की हे बसायचे, हे पेपर आणायला गेले की मी बसायची. वर परत आल्यावर भांडायचं. एवढा वेळ कुठे होतीस, गाडी लागली असती तर? आता चहा प्यायचा तर पिशवी बगलेत, कप एका हातात, पैसे दुसऱ्या हातात, आणि सुट्टे परत आले की ते घ्यायला तिसरा हात नाही. म्हणून चहाही सुटला. एखाद्या बाईला म्हणावं, जरा बघा हो पिशवीकडे. पण म्हणवत नाही. आणि शेजारचं कुणी विचारतंच, "एकल्याच का?" त्यावर माझं उत्तर पाठ आहे. "नाही, स्टँडवर घ्यायला येणार आहेत." हे उत्तरही सुरक्षेसाठीच. बाई एकटी आहे हे कळू द्यायचं नाही. पहिल्यांदा ते उत्तर दिलं तेव्हा परभणीला उतरल्यावर मी खरंच क्षणभर इकडेतिकडे बघितलं होतं. त्यानंतर सवय झाली.

आता गाडीत जागा धरायचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे गाडी स्टँडवर वळताना दिसली की माणसं दाराकडे जातात तशी खिडकीकडेही जातात. खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, टॉवेल टाकायचा. एकाने चप्पल टाकलेली मी पाहिली आहे. सीटवर वस्तू पडली की सीट त्या माणसाची. तो दारातून आत यायला कितीही वेळ लावो, रुमाल उचलून कुणी तिथे बसत नाही. भांडतील, आईबहीण काढतील, पण रुमालाला हात लावणार नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाळावंसं वाटतं.

आमची त्यात एक रीत होती. हे अंगाने बारीक होते, पण गर्दीत कोपर असं लावायचे की पैलवान बाजूला व्हावा. हे आधी चढायचे. मी दाराकडे जायचीच नाही, गाडीच्या बाजूने खिडक्या बघत चालत जायची. एखाद्या खिडकीत ह्यांचे हात यायचे. मी पिशवी वर करायची, हे ती आत ओढून शेजारच्या सीटवर ठेवायचे. मग मी पदर खोचून, निवांत, सगळ्यांच्या शेवटी दारातून चढायची. आतल्या बायका माझ्याकडे रागाने बघायच्या, आणि मला त्याचंही सुख वाटायचं. उगाच खोटं कशाला बोलू?

हे गेल्यापासून मी जागा धरत नाही. पिशवी पोटाशी धरून उभी राहते. कुणी उठलं तर बसते.

ही गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. देवगाव फाट्यापासून आत एका गावात माझी एक विद्यार्थिनी राहते. माझी म्हणजे विद्यापीठाची, पण मी सगळ्यांना माझीच म्हणते. तिचा प्रबंध तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर होता. प्रबंध लिहिता लिहिता तिचं लग्न झालं, लग्नानंतर वर्षात बाळ झालं, आणि तिच्या मार्गदर्शकांनी शेवटच्या दुरुस्त्या सांगितल्या त्या नेमक्या बाळंतपणात. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. नाही दिला तर मुदत संपत होती आणि तिने आधीच दोनदा मुदत वाढवून घेतलेली होती. तिला येता येईना म्हणून मी गेले. दोन दिवस राहिले. बाळ झोपलं की आम्ही बसायचो, बाळ उठलं की थांबायचो. ती मांडीवर बाळ घेऊन सांगायची, मी टाइप करायची. कोष्टकं बदलली, निष्कर्षाचं अख्खं प्रकरण नव्याने लिहिलं. तिच्या सासूबाई दारातून डोकावून म्हणायच्या, अळी मेली का न्हाई अजून?

शनिवारी दुपारी अळी मेली. म्हणजे प्रबंध पूर्ण झाला. गावात नेटवर्क असं होतं की एक फोटो जायला अर्धा तास, मग दोनशे पानांचं काय घेऊन बसलात. मी म्हटलं, परभणीला पोचले की लगेच सरांना पाठवते. खबरदारी म्हणून पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली आणि तो पेनड्राइव्ह साडीच्या घडीत नीट गुंडाळून ठेवला. त्याच पिशवीत. आता कुणालाही कळेल की ही खबरदारी कसली. पण त्या वेळी मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

निघताना ती दारापर्यंत आली. "मॅडम, जपून न्या बरं," म्हणाली. "आता हे पुन्हा करायची ताकद न्हाई माझ्यात. मला न्हाई जमणार." तिचे डोळे जागरणाने लाल झालेले होते. मी तिला म्हटलं, तू निश्चिंत झोप. तिच्या सासूबाईंनी मळ्यातली मेथी पिशवीवर ठेवली आणि दिराने मोटारसायकलवर फाट्याला सोडलं.

फाट्यावर लग्नसराईची गर्दी होती. नव्या साड्या, हळदीचे हात, आहेराच्या भांड्यांच्या पिशव्या, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्यांना बायकाच जास्त. मी पिशवी पोटाशी धरून कडुनिंबाखाली उभी राहिले. बऱ्याच वेळाने परभणीची गाडी आली, ती आधीच भरलेली. ती थांबायच्या आत लोक दाराला लोंबकळले.

आणि मी गाडीच्या बाजूने खिडक्या बघत चालत गेले.

का गेले हे मला आजही सांगता येत नाही. दोन दिवसांची झोप नव्हती, ऊन होतं, हे सगळं खरं. पण झोप नसलेली माणसं असं काही करत नाहीत. माझे पाय गेले. एका खिडकीतून दोन हात बाहेर आलेले होते, मी पिशवी वर केली, त्या हातांनी ती आत घेतली. आणि मी निवांत झाले. खरं सांगते, इतकी निवांत मी दोन वर्षांत झाले नव्हते. मी पदर खोचला. कपाळ पुसलं. सगळ्यांच्या शेवटी चढायचं म्हणून मागे सरून उभी राहिले.

"मागं रिकामी गाडी हाय, मागच्या गाडीनं या," कंडक्टर आतून ओरडला. दार लागलं, घंटी वाजली, गाडी हलली. मी तरीही उभीच. गाडी वळणावर गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या हातांत बांगड्या होत्या.

मी पळाले. या वयात, चप्पल हातात घेऊन, जिंतूरच्या रस्त्याने. रसवंतीवाल्याने शिट्टी मारली, दोघेतिघे ओरडले, पण मागच्या धुळीत ड्रायव्हरला काय दिसणार? मागची रिकामी गाडी काही आली नाही. कंडक्टर लोक सगळीकडे हेच सांगतात आणि आपण सगळीकडे ते ऐकतो. शेवटी जिंतूरला जाणारी एक जीप उभी होती तिच्यात जाऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, भरली की निघू. मी हात जोडले. मला रडू यायला लागलं होतं.

"काय झालं काकू? रडायलाव कशाला?"

"माझी पिशवी गाडीत गेली. परभणीच्या."

"काय व्हतं पिशवीत?"

जीपमध्ये चार अनोळखी माणसं बसलेली. दोन वर्षं मी जे झाकून फिरवलं ते आता बोंबलून सांगायचं? जीपमधला एखादा गाडीतल्या कुणाला फोन करील, सगळं डोक्यात येऊन गेलं. म्हटलं, "कपडे. आणि भाजी."

"भाजीसाठी रडायलाव?" तो हसला नाही, पण जीपमधलं कुणीतरी हसलं. "आन् पिशवी गाडीत गेली कशी?"

"खिडकीतून दिली होती."

"आस्सं!" त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी मालक हायत की गाडीत. मग कशाची फिकीर? जागा धरली आसंल त्यायनं. फोन लावा की मालकाला, जिंतूरला उतरून घ्या म्हणावं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी फोन काढला. ह्यांचा नंबर मी अजून काढून टाकलेला नाही. तो माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर आहे. मी त्या नंबरकडे बघितलं, फोन कानाला लावला, काहीच न दाबता, आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"लागत नाही," मी म्हटलं.

"रेंज नसंल," ड्रायव्हर म्हणाला. आणि बिचाऱ्याने अर्धी जीप रिकामी असताना गाडी सुरू केली.

त्या जीपमध्ये मला ह्यांचा इतका राग आला की काय सांगू. गेलेल्या माणसाचा राग येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही असता तर हे झालंच नसतं, असं मी मनातल्या मनात भांडत होते. सवयी लावून ठेवल्या आणि निघून गेलात. मला कोपर मारायला शिकवलं नाहीत. मला जागा धरायला शिकवलं नाहीत.

जिंतूरला गाडी निघून गेलेली होती. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने नीट विचारपूस केली. "पिशवी कशी हाय?" म्हटलं, बियाण्याची, पिवळी. तो म्हणाला, "बाई, पेरणी जवळ आली. तसल्या पिशव्या प्रत्येक गाडीत धा आसत्यात." मी ती पिशवी निवडलीच होती त्यासाठी. कुणाच्या नजरेत भरू नये, कुणाला आठवू नये, चार पिशव्यांत ओळखू येऊ नये. चोरापासून लपवायचं ते मी स्वतःपासूनही लपवून बसले होते.

परभणीची पुढची गाडी मिळाली. तिच्यात मला बसायला जागाही मिळाली, आणि हातात काहीच नसल्याने हात कुठे ठेवावेत ते कळेना. बोरीच्या पुढे फोन वाजला. विद्यार्थिनी.

"मॅडम, पोचलाव का?"

"पोचतेच आहे. आवाज येत नाही गं नीट."

"बाळ आज लय शांत हाय. मी पण झोपले मस्त. किती दिसांनी झोपले."

मी फोन बंद केला. तिची झोप मी त्या खिडकीतून देऊन टाकली होती. आता तिला काय सांगायचं, याची मी वाक्यं जुळवायला लागले. माझं कामच ते आहे, लोकांची वाक्यं नीट करणं. एकही वाक्य नीट होईना. लॅपटॉप चोरीला गेला म्हणावं, तर चोर कुठे होता? बाई, मी तो माझ्या हाताने देऊन टाकला. कुणाला दिला? माहीत नाही. का दिला? दोन हात दिसले म्हणून.

परभणीला उतरले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आधीची गाडी केव्हाच रिकामी होऊन बाजूला लागली होती. मी तिच्या सगळ्या खिडक्यांतून आत बघितलं. मग चौकशीकडे निघाले, कारण पायांना कुठेतरी जायचं होतं. आणि पाण्याच्या टाकीजवळच्या बाकड्यावर पिवळं काहीतरी दिसलं.

साठीच्या पुढची एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, नाकात चमकी, शेजारी तिचं स्वतःचं गाठोडं. माझी पिशवी तिच्या मांडीवर होती. मेथीची जुडी मात्र बाहेर काढून बाकड्यावर ठेवलेली, ओली.

"ही पिशवी माझी आहे," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिशवी सोडली नाही. "वर काय व्हतं सांगा."

"मेथी. ही."

"ती तर दिसायलीच. खाली काय हाय?"

मी आजूबाजूला बघितलं. स्टँडवर शेकडो माणसं होती. "लॅपटॉप," मी म्हटलं. "साडी, टॉवेल आणि लॅपटॉप."

"कम्पुटर व्हय? म्हणूनच म्हणलं येवढं टणक काय हाय. मला वाटलं पाट हाय." तिने पिशवी माझ्या हातात दिली. "मेथी सुकायलती, म्हणून काढून पाणी मारलं तिला. आत न्हाई घातलं, भिजंल म्हणून."

मी पिशवीच्या तोंडातून हात घालून साडीखाली चाचपलं. होता. पेनड्राइव्हही होता. मी तिथेच तिच्या शेजारी मटकन बसले. मला वाटलं आता ती मला काहीतरी मायेचं बोलेल. ती माझ्यावर उखडली.

"आन् तुमी व्हत्या कुठं? सगळ्या गाडीशी भांडले मी तुमच्यापायी!"

"मी चढलेच नाही. राहून गेले फाट्यावर."

"ते आता कळलं. गाडी रिकामी झाली तवा. मी म्हणलं, बाई अडकली मागं गर्दीत, येईल सरकत सरकत. माझ्याजवळची बाई फाट्याला उतरली, तिचं बोचकं मी खिडकीतून खाली देलं, तवर तुमची पिशवी वर आली, ती तिच्या जागी ठिवली. जिंतूरला बघितलं, न्हाई आल्या. म्हणलं, पार मागं आसंल."

"गाडी तर खूप भरली होती ना?"

"मुंगी शिराया जागा न्हवती. बोरीला मान्सं फुटबोर्डावर. झरीपसून एक म्हातारा माझ्या उरावर उभा. म्हणला, उचल ती पिशवी, कुठंय तुझी बाई? म्हणलं, येणार हाय. कंडक्टर दोनदा आला. म्हणला, मावशे, मान्सं उभी हायत आन् तू मेथीला बशिवलंस. म्हणलं, जागा धरली हाय. धरली म्हंजी धरली."

"मग?" मी विचारलं. मला नीट समजत नव्हतं. "मग त्या सीटवर कोण बसलं?"

"कोण बसंल?" तिला माझ्या अकलेची कीव आली. "तुमची जागा व्हती की. तशीच ठिवली परभणी येईस्तोर."

"तुम्ही मला पाहिलं तरी होतं का?"

"कुठं बघणार? गर्दी किती! हात दिसले. म्हणलं, बाईनं भरवशानं पिशवी देली, म्हंजी येणारच. न्हाई दिसलं म्हणून जागा सोडावी का?"

मला काय झालं ते मला आवरता आलं नाही. त्या बाकड्यावर, भर स्टँडवर, मेथीची ओली जुडी मांडीत घेऊन मी हुंदके देऊन रडले. ह्यांच्या दहाव्यालाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा पाहुणे होते, स्वयंपाक होता, कुणाला काय हवं नको ते बघायचं होतं. लोक वळून बघायला लागले. म्हातारी घाबरली. तिची पूर्णेची गाडी माझी वाट बघण्यात निघून गेली होती, लेक तिकडे जेवणाला थांबली होती, आणि ती बसली होती एका रडणाऱ्या बाईजवळ. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. हात चांगलाच जड होता.

"आता कशाला रडायलाव? घावला की कम्पुटर. काय फुटलं का आत? बघा की काढून."

मी मान हलवली. काढून बघितलं नाही. तिला मी सांगितलंही नाही की मी कम्पुटरसाठी रडत नाहीये.

तिला पुढच्या पूर्णेच्या गाडीत बसवून मी रिक्षाने घरी आले. प्रबंध सरांना पाठवला. विद्यार्थिनीला कळवलं की पोचला, झोप आता. तिचा लगेच हात जोडल्याचा संदेश आला. तिला बाकी काही कळलेलं नाही, आता हे वाचलं तर कळेल. लॅपटॉपवर एक ओरखडाही नव्हता.

पण मला त्यानंतर कितीतरी दिवस लॅपटॉप आठवतच नव्हता. आठवत होती ती सीट. माणसं फुटबोर्डावर लोंबकळताहेत, म्हातारा भांडतोय, कंडक्टर ओरडतोय, आणि बोरी, झरी सगळं मागे टाकत, माझ्या नावाची एक जागा रिकामी चालली आहे. मी त्याच रस्त्याने मागून येत होते, कुणीच नाही म्हणून रडत. मी त्या गाडीत असायला हवं होतं.